ठोक्यांच्या आकड्यावर इमला

'एन किती आला?' प्लॉटवर बोअर सुरू झालं की ठेकेदारापासून आर्किटेक्टपर्यंत सगळे हाच प्रश्न विचारतात. आकडा मिळाला की त्यातून एसबीसी काढायची, म्हणजे जमिनीची सुरक्षित भारक्षमता. त्याच आकड्यातून वाळूचा घर्षणकोन, त्यातूनच चिकणमातीची ताकद, त्यातूनच मातीचा ताठरपणा आणि त्या ताठरपणातून इमारत किती मिलिमीटर खचेल याचा हिशोब. भूकंपात वाळू पाण्यासारखी वाहील का, याचं भाकीतही त्यातूनच. एका आकड्याच्या जिवावर एवढा संसार. याला कुणी हरकत घेतली की ठरलेली पाच-सहा उत्तरं मिळतात, आणि ती आपल्या व्यवसायात इतकी रुळली आहेत की तपासायच्या भानगडीत कुणी पडत नाही. तेवढी भानगड इथे करायची आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. स्टँडर्ड पेनिट्रेशन टेस्ट, म्हणजे एसपीटी, जरूर करावी. पण मातीची ताकद आणि मातीचा ताठरपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या जमिनीतच, जागच्या जागी मोजण्याची साधनं पन्नास ते नव्वद वर्षं उपलब्ध आहेत, आणि ती न वापरता एन आकड्यावरून दोन्ही ठोकून देणं हा शुद्ध आळस आहे. त्या आळसाचं बिल घर घेणाऱ्याच्या नावावर फाटतं.

ही चाचणी होते कशी? बोअरच्या तळाशी रॉडच्या टोकाला एक पोकळ, उभा दुभंगणारा पोलादी सॅम्पलर सोडतात. वर ६३.५ किलोचा हॅमर ७५ सेंटिमीटर उचलून टाकायचा. सॅम्पलर ४५ सेंटिमीटर आत जाईपर्यंत ठोकायचं, दर १५ सेंटिमीटरचे ठोके वेगळे लिहायचे. पहिल्या १५ मध्ये उकरलेला गाळ असतो म्हणून ते सोडायचे. उरलेल्या ३० सेंटिमीटरच्या ठोक्यांची बेरीज म्हणजे एन. आयएस २१३१ मध्ये हे सगळं नीट लिहिलेलं आहे.

आता जागेवर चला. ट्रायपॉड उभा आहे, रॉडवर खडूच्या तीन खुणा आहेत. एक माणूस विंचच्या फिरत्या ड्रमवर दोराचे वेढे घालून खेचतो, हॅमर वर जातो, तो दोर सैल सोडतो, हॅमर पडतो. दुसरा मोठ्याने मोजतो. हॅमर किती उचलला गेला, हे दोर ओढणाऱ्याच्या नजरेवर. दुपार कलली, हात भरून आले की ७५ चे ६५ होतात. तेवढ्यानेच ठोके सुमारे १५ टक्क्यांनी वाढतात आणि माती कागदावर तेवढी मजबूत होते. दोर ओला असला, वेढा एक जास्त पडला, तर दोर ड्रमवर घासत राहतो आणि हॅमर मोकळा पडतच नाही. पाण्याखालच्या वाळूत तर वेगळीच गंमत. बोअरमधलं पाणी भूजलाच्या पातळीखाली गेलं की वाळू खालून उसळून वर येते, तळ ढिला होतो आणि चांगली घट्ट वाळू भुसभुशीत असल्याची नोंद होते. म्हणजे एकाच जमिनीत चुका दोन्ही दिशांना होऊ शकतात, आणि त्या कोणत्या दिशेला झाल्या हे बोअर लॉग वाचून कधीच कळत नाही.

हॅमर ७५ सेंटिमीटरवरून मोकळा पडला तर त्याची ऊर्जा होते साधारण ४६७ जूल. त्यातली रॉडपर्यंत किती पोचते? हॅमरचा प्रकार आणि सोडण्याची पद्धत यांवर ती ४५ टक्क्यांपासून ९० टक्क्यांच्या वरपर्यंत बदलते, हे मोजून सिद्ध झालेलं आहे. एन हा या ऊर्जेच्या व्यस्त प्रमाणात असतो. ६० टक्के ऊर्जेला जिथे १० ठोके लागतील, तिथे ४५ टक्क्यांना १३ लागतात आणि ९० टक्क्यांना ७ पुरतात. माती तीच. याच कारणाने बोल्टन सीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली सगळे एन ६० टक्के ऊर्जेवर आणून मगच तुलना करावी असं मांडलं. त्याला आता चाळीस वर्षं झाली. आपल्याकडच्या किती बोअर लॉगवर हॅमरचा प्रकार लिहिलेला असतो, ते हाताशी असलेला कोणताही अहवाल उघडून पाहा. मोजलेली ऊर्जा तर सोडूनच द्या.

पहिलं उत्तर असतं अनुभवाचं: शंभर वर्षं ही चाचणी चालू आहे, इमारती काही पडत नाहीत. यातला पहिला भाग खरा आहे. १९०२ साली बॉस्टनमध्ये चार्ल्स गाऊ यांनी बोअरमधून कोरडा नमुना काढण्यासाठी पाइप ठोकायला सुरुवात केली. हेतू नमुन्याचा होता. ठोके मोजणं हे मागाहून चिकटलेलं शेपूट. १९४८ मध्ये टर्झागी आणि पेक यांचं पुस्तक आलं, त्यात एनवरून वाळूवरच्या पायाचा दाब ठरवण्याचे आलेख आले, आणि जगभर ते चालू झाले. ते आलेख मुद्दाम हात राखून काढलेले होते. किती राखून? १९६५ मध्ये मेयरहॉफ यांनी असे दाब सरळ ५० टक्क्यांनी वाढवायला हरकत नाही, असं सुचवलं. तेव्हा 'इमारती पडत नाहीत' हे चाचणीच्या अचूकतेचं प्रमाणपत्र होत नाही. जमिनीबद्दल जे माहीत नाही त्याच्या बदल्यात आपण काँक्रीट ओततो आणि ते काँक्रीट उभं राहतं, एवढंच त्यातून सिद्ध होतं. ज्या ठिकाणी साधे फुटिंग चालले असते तिथे राफ्ट, राफ्ट चालला असता तिथे पाइल. मालकाला वाटतं, अभियंता सावध आहे. अभियंत्याला वाटतं, आपण सुरक्षित आहोत. दोघंही एकमेकांवर खूश, आणि दर चौरस फुटामागे भाव वाढलेला.

दुसरं उत्तर जरा विद्वत्तेचं असतं: एनमध्ये चूक असली तरी अडीच-तीनचा सुरक्षा गुणांक ती पोटात घेतो. इथे खरी गल्लत आहे, म्हणून थोडं थांबतो. सुरक्षा गुणांक ताकदीला लावतात. माती कातरून पाया जमिनीत घुसू नये, यासाठी तो असतो. पण बहुतेक इमारतींचा प्रश्न तो नसतोच. इमारत कोसळत नाही. ती खचते, आणि एका बाजूला जास्त खचते. मग भिंतीला तिरकी चीर पडते, दार चौकटीत अडकतं, लिफ्टचा शाफ्ट ओळंब्यात राहत नाही. हा प्रश्न ताठरपणाचा आहे. वालुकामय जमिनीत काँक्रीटच्या सांगाड्याच्या सुट्या पायाला आपलं मानक ५० मिलिमीटर खचण्याची मुभा देतं. ते ५० होतील की २०, हे मातीच्या ताकदीवरून नव्हे, तिच्या लवचिकता मापांकावरून, म्हणजे 'ई'वरून ठरतं. त्यावर अडीचचा भागाकार कुणी करत नाही.

आता तो 'ई' येतो कुठून? जोसेफ बाउल्स यांचं पाठ्यपुस्तक प्रत्येक सिव्हिल इंजिनिअरच्या कपाटात असतं. त्यात एनवरून ई काढायची सूत्रं आहेत. साध्या वाळूला ५०० गुणिले (एन अधिक १५). पाण्याने भरलेल्या वाळूला त्याच्या निम्मं, म्हणजे २५०. गाळमातीला ३०० गुणिले (एन अधिक ६). एन १० घ्या. पहिल्या सूत्राने ई येतो १२,५०० किलोपास्कल, दुसऱ्याने ६,२५०, तिसऱ्याने ४,८००. बोअर लॉगवर 'गाळमिश्रित बारीक वाळू, ओलसर' असं लिहिलेलं असेल तर यातलं कोणतं सूत्र लावायचं? तिन्ही लावणारे मला भेटले आहेत. खचण्याचं उत्तर अडीच पटींहून जास्त बदलतं, आणि अहवालात मात्र ते दशांश चिन्हापुढे दोन आकड्यांपर्यंत छापलेलं असतं. त्यात एनमध्ये हॅमरची चूक आधीच शिरलेली. बाउल्स यांचा दोष नाही. त्यांनी ढोबळ अंदाजासाठी दिलेली सूत्रं आपण मोजमाप म्हणून वापरतो.

मुळात ठोकून ताठरपणा कळेल कसा? सॅम्पलर घुसतो तेव्हा आजूबाजूची माती पूर्ण मोडते. इमारतीखाली ती मोडत नाही. जेमतेम दाबली जाते. जॉन बर्लंड यांनी १९८९ मध्ये हाच मुद्दा मांडला होता: चांगल्या रचलेल्या बांधकामाभोवती मातीतली विकृती हजारात एखाद्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी असते, आणि तेवढ्या लहान विकृतीला माती आपण समजतो त्यापेक्षा कितीतरी ताठर असते. कलिंगड थापटून पिकलंय का ते कळतं, पण साखर किती टक्के आहे ते थापटून सांगणाऱ्या फळवाल्यावर कुणी विश्वास ठेवील का?

उलट, जमिनीतून कातर लहर पाठवली तर माती मोडावी लागत नाही. जमिनीवर एका फळीला आडवा घण मारायचा आणि बोअरमध्ये सोडलेल्या जिओफोनला लहर किती वेळात पोचते ते बघायचं. घनता दर घनमीटरला १.८ टन आणि लहरीचा वेग सेकंदाला २०० मीटर असेल, तर वेगाचा वर्ग गुणिले घनता, म्हणजे ७२ मेगापास्कल कातर मापांक. मध्ये कुठलंही सहसंबंधाचं सूत्र नाही. हा अगदी लहान विकृतीचा आकडा आहे, तो तसाच आराखड्यात वापरायचा नसतो, विकृतीप्रमाणे कमी करावा लागतो, हे मान्य. पण सुरुवात तरी भौतिकशास्त्राच्या नियमापासून होते, दोर ओढणाऱ्याच्या दमापासून नाही.

तिसरं उत्तर आपल्या मातीचं: 'साहेब, ती कोन-बिन हॉलंडची खुळं. आपल्याकडे मुरूम आणि काळा दगड, तिथे कोन शिरणार कसा?' हे उत्तर अर्धं खरं आहे, म्हणून जास्त फसवतं. शंकूची चाचणी, सीपीटी, हॉलंडमध्ये १९३०च्या दशकात जन्मली ती तिथल्या मऊ गाळासाठी. दहा चौरस सेंटिमीटर तळाचा, ६० अंशांचा शंकू सेकंदाला दोन सेंटिमीटर वेगाने ढकलायचा आणि टोकाचा विरोध सलग नोंदवायचा. घट्ट मुरमात तो अडतो, बोल्डरवर तुटतो. कबूल. पण मुरमात एसपीटी तरी काय करते? ठोके ५० च्या वर गेले की 'रिफ्यूजल' लिहून मोकळी होते. म्हणजे तिला मोजता आलं नाही, एवढंच तिने सांगितलं. मोठा दगड मध्ये आला तरी रिफ्यूजल, खरा खडक लागला तरी रिफ्यूजल. पुढे त्याहून मजा आहे. ५० ठोक्यांना पाच सेंटिमीटर गेलं तर तीस सेंटिमीटरला तीनशे, असा वाढवून काढलेला एन पुलांच्या पाइलसाठी आयआरसी ७८ मधल्या एका पद्धतीत चालतो. ती पद्धत कोल आणि स्ट्राउड यांच्या १९७६च्या लेखावर उभी आहे, आणि तो लेख इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या पाइलबद्दल होता. मुंबईच्या ब्रेशियाचा पाया कॉव्हेंट्रीच्या खडकावरून ठरवताना 'आपली माती वेगळी' हा मुद्दा कुणाच्या तोंडी येत नाही, हे लक्षात घ्या.

मुरमासाठी आणि झिजलेल्या खडकासाठी साधन आहे. फ्रान्समध्ये लुई मेनार यांनी १९५०च्या दशकात प्रेशरमीटर बनवला. बोअरमध्ये एक रबरी कोश सोडायचा, त्यात टप्प्याटप्प्याने दाब भरायचा आणि बोअरची भिंत किती सरकते ते मोजायचं. एकाच आलेखातून ताठरपणाही मिळतो आणि माती हार मानते तो दाबही. फ्रान्समध्ये पायांचे आराखडे या चाचणीवरून थेट केले जातात. आपल्याकडे मेट्रो आणि मोठ्या पुलांवर ती होते. बारा मजली गृहसंकुलाला मात्र ती 'परवडत नाही'.

मऊ मातीत तर एसपीटीचा कैवार घेणं हा निव्वळ हट्ट आहे. ठाण्याच्या खाडीपासून पनवेल-उरणपर्यंतचा सागरी गाळ घ्या. सॅम्पलर कित्येकदा रॉडच्या आणि हॅमरच्या वजनानेच खाली जातो. एन शून्य. खाली कुठे एक, कुठे दोन. एक ते दोन म्हणजे ताकद दुप्पट झाली का? त्या दोन ठोक्यांवर भराव टाकायचा की नाही, हे कसं ठरवणार? इथे व्हेन शिअर चाचणी हवी, जिच्यासाठी आयएस ४४३४ हे मानक १९७८ पासून आहे. चार पात्यांची फुली, ७५ मिलिमीटर रुंद आणि १५० उंच, बोअरच्या तळाखालच्या न डिवचलेल्या मातीत हलकेच ढकलायची आणि सेकंदाला ०.१ अंश इतक्या संथ गतीने फिरवायची. १५ किलोपास्कल ताकदीच्या गाळाला साधारण २३ न्यूटन-मीटर पीळ लागतो. तो मीटरवर दिसतो. माती तुटली की पाती भराभर फिरवून पुन्हा मोजायचं, म्हणजे डिवचल्यावर गाळ किती दुबळा होतो तेही कळतं. ब्येरुम यांनी १९७२ मध्ये दाखवलं की जास्त प्लास्टिक मातीत व्हेनचा आकडा जास्त येतो. प्लास्टिसिटी इंडेक्स २० असेल तर दुरुस्ती जवळपास नाही, १०० असेल तर ०.६ ने गुणावं लागतं. चाचणीची चूक कोणत्या दिशेला आणि किती, हे माहीत असणं आणि ते अजिबात माहीत नसणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे. 'शेवटी सगळ्याच चाचण्यांना सहसंबंध लागतात' म्हणणाऱ्यांना माझं उत्तर एवढंच.

शिवाय सलगपणाचा मुद्दा आहे. दर दीड मीटरला एक एसपीटी केली तर वीस मीटरात तेरा आकडे मिळतात. मधला तीस सेंटिमीटरचा चिकणमातीचा थर निसटला तर निसटला. सीपीटीला तेच वीस मीटर ढकलायला निव्वळ सतरा मिनिटं लागतात आणि दर दोन सेंटिमीटरला नोंद होते.

मग कुणी म्हणतं, 'आम्ही प्लेट लोड टेस्ट करतो ना, ती तर थेट जागेवरची!' हो, थेट आहे. पण प्लेटच्या रुंदीच्या दीड-दोन पटींपलीकडची माती तिला कळत नाही. ६० सेंटिमीटरची प्लेट फार तर सव्वा मीटर खोल पाहते. वीस मीटर रुंदीचा राफ्ट तीस-चाळीस मीटरपर्यंत जमिनीला जागं करतो. कॅनडात विनिपेगजवळच्या ट्रान्सकोना इथे रेल्वे कंपनीने प्रचंड धान्यकोठार बांधलं. खोदाईच्या तळाशी प्लेट चाचण्या झाल्या, माती घट्ट निघाली. सप्टेंबर १९१३ मध्ये धान्य भरायला सुरुवात झाली. १८ ऑक्टोबरला कोठार तासाभरात फूटभर खचलं आणि चोवीस तासांत सुमारे २७ अंश कललं. घट्ट थराखाली मऊ चिकणमाती होती. प्लेट तिथपर्यंत पोचलीच नव्हती. पुढे कोठार सरळ करून वापरात आणलं. पण बोअर घेऊन खालच्या थराची ताकद मोजायला १९५०चं दशक उजाडलं. जागेवर चाचणी केली एवढ्याने भागत नाही. कोणत्या खोलीवर, किती मातीला हात घालणारी चाचणी, हेही ठरवावं लागतं.

प्रयोगशाळेचा कैवार घेणाऱ्यांचा एक मुद्दा मी पूर्णपणे मान्य करतो. काळी माती मे महिन्यात विटेसारखी असते, एन भरघोस येतो, आणि आषाढात तीच लोण्यासारखी होते. ती फुगून किती दाब देईल, हे कोणतीही जागेवरची चाचणी सांगत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच फुगवावा लागतो. आयआयटी मुंबईच्या आर. के. कट्टी यांचं काळ्या मातीवरचं सगळं काम, न फुगणाऱ्या चिकण थराचा त्यांचा उपाय धरून, अशाच चिकाटीच्या प्रयोगांतून उभं राहिलं. पण प्रयोगशाळेत जाणारा नमुना कसा निघतो तेही बघा. एसपीटीच्या सॅम्पलरची भिंत इतकी जाड असते की तिचं क्षेत्रफळ आतल्या नमुन्याच्या क्षेत्रफळापेक्षाही जास्त भरतं. त्यातून आलेली माती ठोकून निघालेली असते. तिच्यावर ओलावा मोजा, दाणे चाळा, लिक्विड लिमिट काढा. तिच्यावर ताकदीची चाचणी करून 'अनडिस्टर्ब्ड' असं लिहू नका.

राहिला पैशाचा मुद्दा. एसपीटी स्वस्त आहे, कारण बोअरचा दर मीटरमागे ठरतो आणि ती त्या दरात फुकटासारखी मिळते. जमीन तपासणीचा खर्च पायाच्या खर्चापुढे किरकोळ असतो, हे ठेकेदारालाही माहीत आहे. फक्त तो खर्च आधी दिसतो आणि जाड राफ्टचा नंतर.

तेव्हा टेंडर काढणाऱ्या अभियंत्यांना एवढीच विनंती. प्रत्येक बोअर लॉगवर हॅमरचा प्रकार लिहून घ्या आणि प्रकल्पावर निदान एकदा त्याची ऊर्जा मोजून घ्या. मऊ गाळ असेल तर व्हेन किंवा सीपीटी, मुरूम आणि झिजलेला खडक असेल तर प्रेशरमीटर, आणि दोन्हीकडे एकदा तरी कातर लहरीचा वेग, हे सगळं दरपत्रकात वेगळी बाब म्हणून घाला. एकरकमी घातलंत तर ते होणार नाही. आणि फ्लॅट घेणाऱ्यांनो, बिल्डरकडे सॉइल रिपोर्ट मागा. त्यात 'ई'चा रकाना शोधा, आणि तो कोणत्या चाचणीवरून आला हे शेजारी लिहिलेलं नसेल तर सही करण्याआधी ते लेखी मागून घ्या.